माझं लुगडं, माझे हात, तिचं तोंड

मुकुंदवाडीच्या टेशनाजवळ आमची एक खोली व्हती. वर पत्रे, म्होरं मोरी, आन मोरीला लागूनच आत्याबाईची बाज. आत्याबाई म्हंजे माझी सासू. सकाळी कंपन्यांचे भोंगे सुरू व्हायचे, एकाचा थांबला की दुसऱ्याचा, आन त्या भोंग्यांवरच माझ्या भाकरी चालायच्या. ह्येंची कंपनी चितेगावला. कंपनीची गाडी चौकात यायची, तवर डबा बांधून झाला पायजे. दोन भाकरी, अंबाडीची भाजी नायतर ठेचा, आन कांदा. माझ्या कडंवर माझी लेक छकी, नऊ महिन्यांची, ती कडंवरूनच पिठात हात घालायची. मी तव्हा एकोनीस का ईस वर्साची असंल. चवथीपोतर शिकलेली. पळत पळत सगळं करायची आन पळताना दम लागायचा, आत्याबाई म्हनायच्या, "आगं जरा सावकास, कुनी मागं लागलंय का?" मला तर कायम वाटायचं, कुनीतरी मागं लागलंय.

ह्ये गायचे. आधी ढोलकी-बॅन्जोवर गायचे, मग कंपनीतल्या एका सायबाच्या पोराचा जुना गिटार ह्येंच्याकडं आला, तव्हापासून दुसरं कायच सुचंना. आत्याबाई बाजंवरून बघायच्या आन इचारायच्या, "उत्तम, हा तंबोरा आडवा कामून धरतो रं? दुखतो का त्याला उभा धरल्यावर?" कंपनीतली चार पोरं मिळून ह्येंनी गान्याची पार्टी केली व्हती. तेलाच्या डब्याला कातडं ताणून ड्रम केला व्हता. त्या वर्सांत आमच्या लोकांच्या तोंडी एकच गोष्ट, नामांतर, इद्यापीठाला नाव. चहा घेतानी तेच, मयतीला गेलं तरी तेच. ह्येंनी त्याच्यावर गानं बांधलं. खेड्यात घर जळालेला मानूस शहरात येतो, मशीनवर काम करतो, आन मोर्चात त्याला त्याची बायको-पोर सापडती, असं ते गानं. "चूल इझली गावाला, इस्तू माझ्या गळ्याला", ही त्याची पयली ओळ. इस्तू, म्हंजे इस्तव, जळता निखारा. ह्ये ती ओळ म्हनायचे तव्हा मला खरंच घशात भाजल्यावानी व्हायचं.

कारन ते गानं माझ्या माहेरचंच व्हतं. माझं माहेर सोयगावाकडचं एक बारकं खेडं. तिथं आमची घरं जळाली नव्हती, पन पिठाच्या गिरनीवाल्यानं आमच्या लोकांचं दळन बंद केलं व्हतं, आन किरानावाला सामान देईना. भाऊ एकदा आलता, पानी पन प्याला नाय, उभ्या उभ्याच म्हनला, "आक्का, तुमचं शहरातलं चालू द्या. पन आमचं नाव, तोंड कुठं दिसू देऊ नका. तुझा फोटो जरी कुठं आला ना, तर आमाला तिथं ऱ्हाता येनार नाय." तव्हापासून मी मोर्चात गेले तरी पदर नाकापोतर. कुनी हातात कॅमेरा घेतला की मी बाईच्या मागं बाई शोधायची.

आता रफिकभाई. टेशनाच्या रस्त्यावर त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. नवरा-नवरीची तोंडं बदामात बसवून द्यायचा, बदाम गोल फिरायचा, लोक खूश. त्याचा मेव्हना दुबईला, त्यानं एक कॅसेट धाडली व्हती, इंग्रजी गान्यांची. सुट्टीच्या दिवशी दुपारी रफिकभाईनं पार्टीला बोलवलं, "आओ, देखो, गाना कैसा बनाते", आन ह्ये मला पन घेऊन गेले. दुकानात पंखा खडखड करत व्हता, छकी मांडीवर, आन टीव्हीत चार गोरे मानसं, खांद्यापोतर केस, गिटार असे वाजवायचे जसा काय तो ऐकत नाय म्हनून त्याला बडवतेत. मला तर आधी भ्याच वाटलं. मग मधीच एक बाई आली. मोटार चालवती, रडती, रस्ता सरत नाय. परत गानारा. घामाघूम. परत बाई, एका दिव्याखाली थांबली, आरशात बघून तोंड पुसलं. परत गानारा, आन त्यानं असं बघितलं जसं काय तीच म्होरं उभी हाय. शेवटाला ती बाई एका मोठ्या हॉलात येती, तर हॉल रिकामा, नुसती वायरी पडलेल्या.

पोरं लागली भांडायला. एक म्हनला ती त्याची बायको, दुसरा म्हनला बायको कशाची, बहीन असंल. ड्रमवाला म्हनला, "आरं पन ती त्याच्याकडं चाललीय का त्याच्यापसून पळून चाललीय?" रफिकभाईनं तीनदा मागं घेऊन लावलं. मी आपली बघत व्हते. तिसऱ्यांदा मला एक गोष्ट दिसली, आन माझ्या तोंडून निघूनच गेली.

"त्ये दोघं एकदाबी एका जागी नाहीत," मी म्हनले.

सगळे माझ्याकडं बघाया लागले. तरी मी बोलले. "बघा ना. त्यो हाय तिथं ती नाय. ती हाय तिथं त्यो नाय. त्यो बघतो आन मग ती दिसती, म्हनून आपल्याला वाटतं तिच्याकडंच बघितलं. काय म्हाईत कुनाकडं बघितलं. गानं एका दिवशी केलं असंल, बाई दुसऱ्या दिवशी. आपल्याच डोळ्यानं त्याला शिवलंय."

रफिकभाई टाळी वाजवून हसला. "क्या भाभी! हौ, एकदम बराबर. मैं बीस साल धंदा करूं तब भी ऐसा नै बोल सकता." ह्येंनी घरी येतानी छकीला माझ्याकडून घेतलं आन सगळा रस्ता स्वताच्या खांद्यावर आनलं. मी तव्हा लई हुशार झाले व्हते. ते एवढ्यासाठी सांगते, की म्होरं मी काय केलं ते वाचताना कुनी म्हनू नये की येडी व्हती, तिला कळत नव्हतं. मला कळत व्हतं. सगळ्यांच्या आधी मलाच कळलं व्हतं.

मग पार्टीनं ठरवलं, आपल्या गान्याचं पन तसंच करायचं. गानं वेगळं, गोष्ट वेगळी, आन दोन्हीची येनी घालायची. रफिकभाई म्हनला, "लास्ट में बदाम डालूं? बदाम के अंदर उत्तमभाई." ह्ये म्हनले, "रफिकभाई, आंदोलनाचं गानं हाय, लगीन नाय." बायकोचं काम कोन करनार म्हनल्यावर ह्येंनी पयले मलाच इचारलं. रातचं जेवन वाढत व्हते, तव्हा म्हनले, "कमल, तूच कर की. तुझंच तर गानं हाय." माझ्या हातातला डाव पडला. मी म्हनले, "मला मारायचंय का माझ्या मायबापाला मारायचंय?" ह्ये परत बोलले नाहीत.

मग नलिनी आली. बीएच्या दुसऱ्या वर्साला, त्याच इद्यापीठातली, ज्याच्या नावासाठी सगळं चाललं व्हतं. मायबाप गावाकडं, ती मामाकडं ऱ्हायची, दोन गल्ल्या सोडून. मोर्चात घोषना द्यायची तर सगळ्यात म्होरं. गोरी नव्हती, माझ्याच रंगाची, पन मान अशी ताठ धरायची की मला माझी मान दुखल्यावानी वाटायचं. आली आन म्हनली, "वहिनी, जय भीम. तुमचंच काम मी करतेय, चुकलं तर कान धरा." मी हसले. तिला नेसायला बाईचं लुगडं पायजे व्हतं, ती आपली ड्रेसवाली. माझं लग्नातलं मोरपंखी लुगडं मी पेटीतून काढून दिलं. माझ्या हातात सा हिरव्या बांगड्या व्हत्या, तीन तिला दिल्या. माझी चूल, माझा तवा. आन छकी. छकीला तिच्या मांडीवर दिलं तव्हा मला वाटलं आता रडंल, भोकाड पसरंल, मग मी जाऊन घेईन. ती रडलीच नाय. तिनं नलिनीच्या गळ्यातली माळ तोंडात घातली आन गप बसली. मला तिचा, माझ्या लेकराचा, इतका राग आला का काय सांगू.

एकच अडलं. नलिनीला भाकर थापता येईना. पीठ फाटायचं, परातीत नकाशा व्हायचा, आत्याबाई बाजंवर पोट धरून हसत व्हत्या, "बाई, बीए झाल्यावर येईल मंग!" रफिकभाई म्हनला, "भाभी, आप आव. सिर्फ हात लेता मैं, मुंह नक्को." म्हनून मी बसले. माझे हात, तीन बांगड्या, थाप थाप थाप, भाकर गोल, तव्यावर टाकली, पानी फिरवलं. मग मी उठले आन त्याच जागी ती बसली आन वर बघून हसली. चुलीतली एक ठिनगी उडून लुगड्याच्या पदराला बारकं भोक पडलं. तिनं जीभ चावली. "वहिनी, मी धुऊन, नीट करून आनून देते." मी म्हनले, ऱ्हाऊ द्या. मनात म्हनले, जळू दे सगळंच.

गान्याचं शूटिंग दुसऱ्या दिवशी, मैदानात, सभा व्हती तव्हा. नलिनीची त्या दिवशी परीक्षा व्हती, ती नव्हती. मी लिंबाच्या झाडाखाली बायांमधी छकीला घेऊन उभी. ह्ये गायला लागले, गिटार गळ्यात, आन दुसरं कडवं सरल्यावर सगळं थांबतं, श्वास घेन्यापुरतं, तेवढ्यात छकीनं माझा पदर डोक्यावरून वढला आन मोठ्यांदा वरडली, "बाऽऽ!" सगळं मैदान हसलं. मी बघितलं तर रफिकभाईचा कॅमेरा आमच्याकडं वळत व्हता. मी गर्रकन फिरून एका जाड बाईच्या मागं लपले. ह्ये गान्यात काय करत व्हते, कुठं बघत व्हते, मला काय दिसलं नाय.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ तयार. वस्तीत दुपारी टीव्ही एका ड्रमवर ठेवला, वरून चादर धरली उजेड पडू नये म्हनून. गानं सुरू झालं आन आमच्याच मानसाला टीव्हीत बघून बायांनी तोंडावर हात घेतले. माझे हात आले, थाप थाप थाप, आन हातावरून वर गेलं तर नलिनीचं तोंड. मग दुसरं कडवं सरलं. सगळं थांबलं. ह्येंनी डाव्या अंगाला बघितलं. तसं बघनं मी लग्नापसून दोनदाच बघितलेलं, एकदा छकी झाली तव्हा. डोळे वले, आन व्हटाच्या कोपऱ्यात हसू, कुनाला कळू नये असं. आन लगेच चुलीजवळ नलिनी, माझं लुगडं, माझं लेकरू, तिनं मान वर केली आन हसली.

"आगं बया, काय जोडी!" शेजारची पारूबाई म्हनली. "कमल, बघ तुझी सवत! तुझंच लुगडं नेसून बसली!"

सगळ्या हसल्या. मी पन हसले. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्या माझ्याकडं बघत व्हत्या.

त्या दिवसापसून मला दुसरं दिसंना. पीठ मळताना ते बघनं, छकीला धुताना ते बघनं. ह्ये कामावरून आले का मी त्येंच्या डोळ्यात बघायची, तसं माझ्याकडं बघतेत का. दमलेल्या मानसाचे डोळे ते, त्यात काय असनार? मी म्हनायची, बघा, माझ्याकडं नाय, तिच्याकडं हाय. मला येड्यागत वाटायचं की ती गेली तर ते बघनं सुटंल, रस्त्यावर पडंल, आन मी उचलून घेईन. भांडले असते तर बरं झालं असतं. पन मी भित्री. भित्री बाई नवऱ्याशी भांडत नाय, दुसरीकडं जाती.

नलिनीचा मामा बँकेत, त्येंच्या घरी कॅसेट लावायचं स्वताचं मशीन व्हतं. ह्ये कामाला गेल्यावर मी पेटीतली आमच्या गान्याची कॅसेट काढली, छकीला घेतलं आन त्येंच्या दारात गेले. बँकेला सुट्टी म्हनून मामा पन घरी. नलिनी कॉलेजला. मी मामीला म्हनले, "तुमच्या भाचीचं काम बघा, लई छान झालंय." मामीला म्हाईतच नव्हतं. तिला नलिनीनं सांगितलं व्हतं, कोरसमधी गाती म्हनून. लावलं. ते बघनं आल्यावर मी म्हनले, "मामी, परत लावा. त्येंच्या डोळ्यात बघा. आन मग हिच्या. मी काय म्हनत नाय. मी आडानी बाई. तुमीच बघा." मामानं परत लावलं. मग उठून टीव्ही बंद केला आन चष्मा पुसत बसला. मामी म्हनली, "चहा घेता का?" मी चहा घेतला. बशीत वतून पूर्ण घेतला.

आठ दिवसात नलिनी दिसंनाशी झाली. पारूबाईनंच सांगितलं, "गावाकडं धाडली, स्थळ बघितलंय म्हनं, कायतरी झालंय." मला वाटलं व्हतं मला बरं वाटंल. मला दोन दिवस बरं वाटलं पन. खोटं कशाला लिहू.

तिसऱ्या दिवशी दुपारी रफिकभाई दारात. आत आला नाय. "भाभी, वो कॅसेट तुमने दिखाई उनकू? चलो दुकान पे." आत्याबाई म्हनल्या, "जा." मी छकीला घेऊन त्याच्या मागं मागं गेले, दम लागलेला. त्यानं दुसरी कॅसेट लावली. कापायच्या आधीची, मैदानातली, सगळी जशीच्या तशी. दुसरं कडवं सरलं. सगळं थांबलं. "बाऽऽ!" असा आवाज आला, व्हिडिओत तो आवाज त्यानं काढून टाकला व्हता. ह्येंनी डाव्या अंगाला बघितलं. तेच बघनं. डोळे वले, व्हटाच्या कोपऱ्यात हसू. आन कॅमेरा तसाच, न थांबता, ह्येंच्या नजरंमागं डावीकडं फिरला. लिंबाचं झाड. बाया. एक जाड बाई. आन तिच्या मागं एक पाठ, पदर पडलेला, केस इस्कटलेले, आन त्या पाठीच्या खांद्यावरून एक लेकरू दोन्ही हात पसरून ह्येंच्याकडं झेपावलेलं.

"ये किसकी पीठ है, भाभी?"

मी काचंवरच्या त्या पाठीला बोट लावलं.

"तुमीच बोली थी ना उस दिन? एक जगा पे दोनों कभी नहीं. मैंने वहीच किया. तुमारे मुंह से सीखके किया." तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला रडता आलं असतं. "वो लडकी उस दिन पेपर दे री थी, भाभी."

तसंच छकीला घेऊन मी मामाच्या घरी गेले. मामीनं अर्ध दार उघडलं. मी सगळं बोलले, एका दमात, कापलंय, जोडलंय, ती नव्हतीच, ती पाठ माझी हाय, चला रफिकभाईच्या दुकानात, दाखवते. मामी म्हनली, "सुपारी फुटली काल." आन आत जाऊन एक पिशवी आनून माझ्या हातात दिली. "हे तुमचं. तिनं जायच्या आधीच करून ठेवलं व्हतं."

पिशवीत माझं मोरपंखी लुगडं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. भोक जिथं पडलं व्हतं तिथं त्याच रंगाचा दोरा कुठून तरी आनून इतकं बारीक रफू केलं व्हतं का बोट फिरवल्याबिगर कळत नव्हतं. भाकर जमली नाय तिला, पन रफू जमत व्हतं. आन लुगड्याच्या घडीत माझ्या तीन बांगड्या, कागदात गुंडाळून.

ह्येंना मीच सांगितलं. हात-पाय धुऊन बसले तव्हा सांगितलं. ह्ये म्हनले, "माझ्याशी भांडायचं व्हतं. मला हानायचं व्हतं. तुला इचारलं व्हतं ना मी, तूच कर म्हनून?" आन थोड्या येळानं, "इद्यापीठाच्या नावासाठी गात फिरतो मी. आन माझ्याच घरातून त्या इद्यापीठातली एक पोरगी कमी झाली." गिटार त्येंनी सोडला नाय, ते गानं तेवढं सोडलं. दुसऱ्या पार्टीवाल्यांनी उचललं, त्येंनी त्येंच्या ढंगानं गायलं.

नाव झालं शेवटी. तवर छकी दुसरीत गेली व्हती. वस्तीत कुनी रडत व्हतं, कुनी नाचत व्हतं, ह्येंनी आत्याबाईला उचलून बाजंसकट दारात आनलं. म्होरं छकी त्याच इद्यापीठात शिकली, तिचा निकाल आला तव्हा पेढे वाटताना मी एक पेढा बाजूला काढून ठेवला, आन तिला वाटलं बापासाठी. ह्ये जाऊन आता चार वर्सं झाली. रफिकभाईच्या पोरानं ती कापायच्या आधीची कॅसेट मोबाइलवर करून दिलीय. मी ती कधी कधी बघते. लोक म्हनतील नवऱ्याला बघायला बघती. मी माझी पाठ बघते. फिरली नसती तर काय झालं असतं, येवढंच.

दरवर्सी नामांतराच्या दिवशी इद्यापीठाच्या गेटवर लोकं येतात, गावोगावहून, लेकरं-बाळं घेऊन. मी सकाळीच जाते. मोरपंखी लुगडं आता इरलंय, रफूची जागा तेवढी पक्की हाय, तेच नेसते. सावली बघून बसत नाय, बायांच्या मागं तर नायच. गेटाच्या तोंडाशी उभी ऱ्हाते, पदर खांद्यावर, तोंड उघडं. ती कधी आली तर तिला मला शोधायला लागू नये. मग बोलंल का न बोलता जाईल, ते तिचं ती बघंल.